५६ टक्के आले कुठून? पायरसीवरचा एक अहवाल वाचताना

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका ज्युनिअरने त्याचा सिनॉप्सिस वाचायला दिला. नवीन पनवेलला राहतो, कॉमर्सचा विद्यार्थी, पेट पास झालाय, गाइड मिळालेत, आता विषय मंजूर करून घ्यायचाय. विषय असा: ‘पनवेल शहरातील लघुउद्योगांवर सॉफ्टवेअर पायरसीचे होणारे परिणाम : एक अभ्यास’. पहिल्याच परिच्छेदात त्याने लिहिलं होतं की भारतात ५६ टक्के सॉफ्टवेअर चोरीचे असून त्यामुळे उद्योगाचे दरवर्षी अडीच अब्ज डॉलरचे नुकसान होते.

मी विचारलं, “हे कुठून घेतलंस?”

“ताई, सगळीकडे हेच आहे. चार पेपरांत सापडलं.”

“आणि त्या चौघांनी कुठून घेतलं?”

यावर तो गप्प. माझाही विषय पायरसी नाही, माझा विषय पाणी आहे. पण आकडा पाण्याचा असो की पायरसीचा, तो मोजला कसा हे विचारल्याशिवाय प्रबंधात घ्यायचा नसतो. म्हणून आम्ही दोघांनी मूळ अहवाल उघडला आणि दोन दुपारी त्यावर घालवल्या. तुम्हीही संशोधनाच्या उंबरठ्यावर असाल, तर ही पोस्ट तुमच्यासाठी. यातून पायरसीबद्दल थोडं कळेलच, पण मला जास्त सांगायचंय ते एखादा वजनदार अहवाल कसा वाचायचा याबद्दल.

अहवाल कोणाचा, सांगतो काय

५६ टक्क्यांचा आकडा बीएसए या संघटनेच्या जून २०१८ मधल्या जागतिक सॉफ्टवेअर सर्वेक्षणातला आहे. बीएसए म्हणजे पूर्वीची बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स, १९८८ मध्ये स्थापन झालेली सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना. मोजणीचं काम आयडीसी ही बाजार-संशोधन कंपनी करायची. २००३ सालापासूनचे आकडे या जोडीने दिले आहेत.

भारताचे आकडे ओळीने मांडले तर असे दिसतात: २००३ मध्ये ७३ टक्के, २००७ मध्ये ६९, २०११ मध्ये ६३, २०१३ मध्ये ६०, २०१५ मध्ये ५८ आणि २०१७ मध्ये ५६. म्हणजे उतरता कल. २०१७ साली भारतातल्या विनापरवाना सॉफ्टवेअरचं ‘व्यावसायिक मूल्य’ सुमारे २.४७ अब्ज डॉलर आणि जगभरात ३७ टक्के, ४६.३ अब्ज डॉलर.

इथेच पहिली गोष्ट लक्षात घ्या. मूळ अहवाल ‘व्यावसायिक मूल्य’ म्हणतो, ज्युनिअरच्या सिनॉप्सिसमध्ये ते ‘नुकसान’ झालं. शिवाय तो एका वर्षाचा आकडा आहे, सिनॉप्सिसमध्ये तो ‘दरवर्षी’चा झाला. चार पेपरांमधून गाळून येता येता शब्द बदलले. गंमत म्हणजे सुरुवातीच्या काही वर्षांत बीएसए स्वतःच ‘नुकसान’ असं म्हणायची. टीका झाल्यावर, २०१० च्या आसपास, तिने शब्द बदलला. म्हणजे ज्यांचा आकडा आहे त्यांनी जो शब्द सोडला, तो आपण अजून धरून बसलोय.

५६ मोजले की वजा केले?

आता मोजणीकडे या. चोरीचं सॉफ्टवेअर विकलं जात नाही, त्याची पावती नसते. मग ते मोजायचं कसं? अहवालाची रीत साधी आहे. देशात किती कॉम्प्युटर आहेत ते काढायचं. एका कॉम्प्युटरवर सरासरी किती सॉफ्टवेअर असतात ते सर्वेक्षणातून काढायचं. दोन्हींचा गुणाकार म्हणजे एकूण बसवलेली सॉफ्टवेअर. मग बाजारातल्या विक्रीच्या माहितीवरून रीतसर घेतलेली सॉफ्टवेअर किती याचा अंदाज काढायचा आणि एकुणातून वजा करायचा. उरलं ते विनापरवाना.

म्हणजे ५६ टक्के कोणी दुकानोदुकानी फिरून मोजलेले नाहीत. ती एक वजाबाकी आहे. वजाबाकी वाईट नसते, पण तिची एक खोड असते: वरच्या दोन अंदाजांतली चूक ती जशीच्या तशी उरलेल्या आकड्यात टाकते.

वहीवर करून बघा. समजा, १०० कॉम्प्युटर आहेत, प्रत्येकावर सरासरी ५ सॉफ्टवेअर. एकूण ५००. रीतसर २२०. मग विनापरवाना २८०, म्हणजे ५६ टक्के. आता सरासरी ५ नसून ४.५ असेल तर? एकूण ४५०, रीतसर तेच २२०, आणि दर ५१ टक्के. सरासरी ५.५ धरली तर एकूण ५५० आणि दर ६० टक्के. सरासरीत दहा टक्क्यांची इकडेतिकडे झाली, की दर चार-पाच गुणांनी हलतो. आणि २०१५ ते २०१७ मधली घट किती? दोन गुण.

थांबा, लगेच ‘म्हणजे अहवाल खोटा’ असं लिहू नका. मोजणीतली चूक दोन्ही वर्षी एकाच दिशेची आणि साधारण तेवढीच असेल, तर कल बऱ्यापैकी खरा राहू शकतो. ७३ वरून ५६ पर्यंतची लांबची घसरण अशा चुकीने सहज पुसली जात नाही. माझं म्हणणं एवढंच की दोन वर्षांतला दोन गुणांचा फरक ‘सुधारणा’ म्हणून मिरवायला हा पाया पुरेसा नाही, आणि नुसतं ‘५६’ लिहिताना त्याच्या आजूबाजूला किती धूसर पट्टा आहे हे वाचकाला सांगायला हवं.

‘नुकसान’ हा शब्द कुठे फसतो

आता पैशाकडे. २०१७ च्याच सर्वेक्षणात अमेरिकेचा दर आहे १५ टक्के, पण मूल्य ८.६ अब्ज डॉलर. भारताचा दर ५६ टक्के आणि मूल्य अडीच अब्जांच्या आत. म्हणजे दराच्या यादीत आपण वर, पैशाच्या यादीत अमेरिका कितीतरी वर. ‘कोणता देश मोठा चोर’ या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कोणता रकाना उचलता यावर ठरतं. पेपरात बहुतेक वेळा आपल्या म्हणण्याला सोयीचा रकाना उचललेला असतो. हे पकडायला शिका.

मोठी अडचण वेगळीच आहे. पनवेल स्टेशनबाहेरच्या एखाद्या दुकानात विद्यार्थ्याने लॅपटॉप ‘फॉरमॅट मारून’ घेतला आणि दुकानदाराने त्यात न मागता दहा सॉफ्टवेअर टाकून दिली. त्यातलं एक इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगचं, ज्याची वर्षाची किंमत त्या पोराच्या सेमिस्टरच्या फीच्या घरात जाते. त्याने ते दोनदा उघडलं. क्रॅक मिळाला नसता तर त्याने ते विकत घेतलं असतं का? नाही. मग कंपनीचं नुकसान किती? या पोरापुरतं शून्याच्या जवळ. पण त्याच गल्लीत एक आर्किटेक्ट तेच सॉफ्टवेअर क्रॅक करून रोज आठ तास वापरतो, त्यावर बिलं काढतो. त्याच्या बाबतीत नुकसान खरं आहे. अहवालातल्या मूल्यात हे दोघं सारखेच मोजले जातात.

‘नुकसान’ म्हणायचं तर ‘तसं झालं नसतं तर काय झालं असतं’ हे दाखवावं लागतं. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने एप्रिल २०१० मध्ये नकली आणि पायरेटेड मालावरचा एक अहवाल दिला. नेहमी उद्धृत होणाऱ्या तीन सरकारी आकड्यांचा माग काढायला ते गेले, तर त्या आकड्यांमागची मूळ आकडेमोडच सापडेना. तिथे सरकारी पातळीवर जे झालं, तेच आपल्या ज्युनिअरच्या चार पेपरांत झालं: प्रत्येकाने आधीच्याकडे बोट दाखवलं आणि शेवटच्या बोटापुढे कोणीच नव्हतं.

एक जुना पण सुंदर पेपर जरूर वाचा. गिव्हॉन, महाजन आणि म्युलर यांचा, १९९५ चा, जर्नल ऑफ मार्केटिंगमधला. ब्रिटनमधल्या स्प्रेडशीट आणि वर्ड प्रोसेसरवर त्यांनी प्रसाराचं मॉडेल बसवलं. निष्कर्ष असा की सात वापरकर्त्यांतले सहा चोरीची प्रत वापरत होते, पण नव्या ग्राहकांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त जणांना सॉफ्टवेअरकडे ओढून आणण्यात याच लोकांचा वाटा होता. चोरून वापरणारा शेजाऱ्याला दाखवतो, शेजारी विकत घेतो. म्हणजे पायरसीमुळे कंपनीचं काही जातं तसं काही येतंही. किती जातं आणि किती येतं, हे त्या त्या मालावर आणि त्या त्या वर्षांवर अवलंबून. स्प्रेडशीट नवीन होतं तेव्हाचं गणित आज तसंच लावता येणार नाही. पण ‘पायरसी म्हणजे निव्वळ नुकसान’ हे वाक्य १९९५ नंतर पुराव्याशिवाय लिहिता येत नाही, एवढं नक्की.

व्हायरसचा मुद्दा: निम्मा खरा

अहवालाचा दुसरा भर सुरक्षेवर आहे: विनापरवाना सॉफ्टवेअर वापरलं की मालवेअर येतं. याला आधार म्हणून आयडीसीचाच २०१५ चा अभ्यास दिला जातो. ८१ देशांत विनापरवाना सॉफ्टवेअरचा दर आणि मालवेअरशी गाठ पडण्याचं प्रमाण यांच्यात ०.७९ सहसंबंध निघाला. आकडा भक्कम दिसतो. ज्युनिअरने तो ठळक अक्षरांत टाकला होता.

पण हे ८१ ठिपके देशांचे आहेत, माणसांचे किंवा दुकानांचे नाहीत. देशांच्या सरासरीवरून एकेका वापरकर्त्याबद्दल बोलणं हा सांख्यिकीतला जुना सापळा आहे. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी तो १९५० मध्येच दाखवला. अमेरिकेत परदेशात जन्मलेले लोक आणि निरक्षरता यांचा राज्यांच्या पातळीवर सहसंबंध उणे ०.५३ आला. म्हणजे जिथे स्थलांतरित जास्त तिथे निरक्षरता कमी. माणसांच्या पातळीवर तोच सहसंबंध अधिक ०.१२ होता. चिन्हच उलटं! कारण स्थलांतरित मुळात साक्षर राज्यांत जाऊन राहत होते. आपल्या ८१ देशांतही उत्पन्न, जुने कॉम्प्युटर, इंटरनेटचा वेग, शिक्षण हे सगळं एकाच वेळी बदलत असतं. गरीब देशांत विनापरवाना सॉफ्टवेअरही जास्त आणि मालवेअरही जास्त, एवढ्यावरून एकामुळे दुसरं होतं हे सिद्ध होत नाही.

आपल्या पंचक्रोशीतलं उदाहरण घ्या. जून २०१७ मध्ये नॉटपेट्याचा हल्ला झाला तेव्हा जेएनपीटीतल्या, मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडून चालवल्या जाणाऱ्या कंटेनर टर्मिनलचं काम ठप्प झालं. पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या माणसाला कंटेनरची रांग म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. हा हल्ला आला कुठून? युक्रेनमध्ये करांच्या हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. पायरसीचा तिथे संबंध नव्हता. त्याआधी दीड महिना, १२ मे २०१७ ला, वॉनाक्राय पसरलं. ज्या भगदाडातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ते न टाकलेली मशिन्स अडकली, त्यांचं लायसन्स असो वा नसो.

मग मुद्दा खोटा का? तसंही नाही. क्रॅक वापरणारा माणूस काय करतो ते आठवा. सूचना असते: आधी अँटिव्हायरस बंद करा, मग ही फाइल ॲडमिन म्हणून चालवा, मग अपडेट कायमचे बंद करा. म्हणजे घराचा दरवाजा उघडा, अनोळखी माणसाला किल्ली द्या आणि कुलूपवाल्याला परत येऊ नको सांगा. स्टॉप-डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर मुख्यतः अशाच क्रॅक आणि की-जनरेटरमधून घराघरांत पसरलं आणि लोकांचे फोटो, प्रबंध, हिशेब सगळं कुलूपबंद करून बसलं. इथे कार्यकारणाची साखळी डोळ्यांसमोर आहे. माझी तक्रार ही की अहवाल हा पक्का पुरावा सोडून ०.७९ च्या मागे धावतो. तुम्ही धावू नका. साखळी दाखवता येत असेल तर साखळी दाखवा.

दुसरी बाजू वाचली, तीही पुरली नाही

एका बाजूचा अहवाल फाडला की दुसऱ्या बाजूचा डोक्यावर घ्यायचा, ही आपली सवय. म्हणून सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलने २०११ मध्ये काढलेलं, जो कॅरागॅनिस यांनी संपादित केलेलं ‘मीडिया पायरसी इन इमर्जिंग इकॉनॉमीज’ हेही आम्ही उघडलं. त्याचा गाभा असा: पायरसी हा मुळात किमतीचा प्रश्न आहे. श्रीमंत देशांच्या दरात माल विकला, तर गरीब देशांत लोक तो चोरूनच वापरणार. भारतावर वेगळं प्रकरण आहे. बीएसएपेक्षा हे पुस्तक कितीतरी जास्त प्रामाणिकपणे जमिनीवर उतरतं. पण त्यातल्या किमतीच्या सिद्धान्ताने आपल्या गल्लीतलं सगळं उलगडत नाही.

टपाल नाक्याजवळ एक डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, जाहिरनामे. ज्युनिअरच्या प्रश्नावलीची चाचणी घ्यायला आम्ही तिथे गेलो. दुकान चालवणारे काका तीस वर्षं याच धंद्यात आहेत. प्रश्नावली बाजूला ठेवून ते बोलायला लागले, आणि त्या तासाभरात मला अहवालापेक्षा जास्त कळलं.

मराठी डीटीपीची गोष्ट तुमच्यातल्या अनेकांना माहीत नसेल. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक कंपनीचा देवनागरी फॉन्ट स्वतःच्या सांकेतिक जागा वापरायचा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकचं आयएसएम, प्रत्येकाची मांडणी वेगळी. एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसता कचरा दिसायचा. त्यामुळे मजकूर पाठवायचा तर सोबत फॉन्टही पाठवावा लागायचा. फ्लॉपीवर फाइल आणि फाइलच्या शेजारी फॉन्ट. काका म्हणाले, “आम्ही चोरी करतोय असं कधी वाटलंच नाही. छापखान्याला फाइल दिसली पाहिजे ना?”

कंपन्यांनी डाँगल आणले, कॉम्प्युटरच्या मागे लावायची छोटी किल्ली. ती असेल तरच सॉफ्टवेअर चालणार. काकांनी एकदा रीतसर पैसे मोजून असं पॅकेज घेतलं. डाँगल जळाला आणि ऐन निवडणुकीच्या कामात चार दिवस दुकान बंद. शेजारच्याकडे क्रॅक होता, त्याचं काम चालू. “पैसे भरणारा मी, आणि अडकलो मीच,” काका म्हणाले. हे एका माणसाचं सांगणं आहे, त्यावरून नियम काढू नका. पण नोंद घ्या: कुलूप प्रामाणिक माणसालाच आधी लागतं, ही शक्यता एकाही प्रश्नावलीत नव्हती. आमच्याही.

आता किमतीच्या सिद्धान्ताकडे बघा. ही पॅकेजेस परदेशी दरांची नव्हती. इथल्याच कंपन्या, इथलेच ग्राहक, इथलेच दर. तरीही प्रती फिरल्या. का? कारण महत्त्वाची गोष्ट किंमत नव्हती, शेजाऱ्याशी जुळणं ही होती. अख्खी गल्ली ज्या फॉन्टमध्ये काम करते तोच तुम्हाला लागतो. गिव्हॉन आणि मंडळी सांगतात ती प्रसाराची यंत्रणा हीच, फक्त इथे प्रत्येक चोरीच्या प्रतीमागे ग्राहक येईलच याची खात्री नाही. मोठ्या परदेशी कंपनीला पन्नास कोटी चोरांमधून पाच कोटी ग्राहक मिळाले तरी चालतं. काही हजार दुकानांवर जगणाऱ्या मराठी फॉन्टच्या कंपनीला तसं चालत नाही. परिणाम मालकाच्या आकारावर ठरतो, हे दोन्ही पुस्तकं नीट सांगत नाहीत.

आणखी एक परिणाम आहे, जो कोणत्याच मूल्यात येत नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. विंडोज २००० पासून ती साध्या कॉम्प्युटरवर चालायला लागली. पण काकांच्या दुकानात पेजमेकर ७.० आणि जुने फॉन्ट परवापर्यंत होते. पेजमेकरची ही शेवटची आवृत्ती, २००१ ची, आणि तिला युनिकोड देवनागरी जुळत नाही. क्रॅक फुकट, हाताला सवय, मग बदलायचं कशाला? त्यामुळे वर्षानुवर्षांचा मराठी मजकूर अशा फाइलींत पडून आहे ज्यात शब्द शोधता येत नाही, कॉपी करून वेबवर टाकता येत नाही. तुमच्यापैकी कोणी मराठी मजकुरावर संगणकीय काम करायला गेलात तर या भिंतीवर डोकं आपटेल.

पण याचा दोष पायरसीला द्यायचा का? इथे मी माझाच चष्मा माझ्यावर लावते. रीतसर विकत घेतलेल्या प्रतीतही तीच सांकेतिक गडबड होती. आयएससीआयआय हे भारतीय मानक १९९१ मध्ये आलं होतं, तरी फॉन्टच्या पातळीवर प्रत्येकाने आपली चूल वेगळी मांडली. फुकट क्रॅकमुळे जुनं जास्त टिकलं, असा माझा अंदाज आहे. पुरावा नाही. प्रबंधात मी हे ‘निष्कर्ष’ म्हणून लिहिणार नाही, ‘तपासण्याजोगं गृहीतक’ म्हणून लिहीन.

माझ्या घरातला क्रॅक

एवढं बोलल्यावर स्वतःचंही सांगायला हवं. एमएस्सीच्या वेळी माझं सगळं विश्लेषण एका प्रसिद्ध संख्याशास्त्रीय पॅकेजच्या क्रॅक केलेल्या प्रतीवर झालं. पेनड्राइव्ह सीनिअरकडून आला, त्यांना त्यांच्या सीनिअरकडून. पीएचडीत तोच डेटा पुढे न्यायचा होता. कासाडी नदीच्या पाण्याचे नमुने, घटक दोन: ठिकाण आणि ऋतू. पावसाळ्यात काही ठिकाणी पोहोचताच आलं नाही, म्हणून नमुन्यांची संख्या असमान.

मॅडमनी पहिल्याच मसुद्यावर लिहिलं: ‘सॉफ्टवेअर कोणते? आवृत्ती? परवाना विद्यापीठाचा की तुमचा?’ माझ्याकडे तिन्हींची उत्तरं नव्हती. मग मी सगळं आरमध्ये पुन्हा केलं, आणि ठिकाणाचा परिणाम, जो आधी ‘सार्थ’ होता, तो नाहीसा झाला.

दोन रात्री झोप नाही. वाटलं, क्रॅकने आकडे बिघडवले. तसं काही नव्हतं. जुन्या पॅकेजमध्ये न विचारता ‘टाइप थ्री’ पद्धत लागते: प्रत्येक घटकाला बाकीचे घटक लक्षात घेऊन उरलेलं श्रेय मिळतं. आरच्या साध्या अनोव्हा फंक्शनमध्ये ‘टाइप वन’: घटक ज्या क्रमाने लिहाल त्या क्रमाने श्रेय वाटलं जातं. नमुने समान असते तर दोन्ही उत्तरं एकच आली असती. असमान होते म्हणून वेगळी आली. चूक क्रॅकची नव्हती, माझी होती. बटण काय करतं हे मला माहीत नव्हतं. आणि लायसन्स असतं तरी ते मला कळलं नसतं, हेही खरं.

मग क्रॅकने माझं काय बिघडवलं? एवढंच, पण हे फार आहे: माझं काम दुसऱ्याला तपासता येत नव्हतं. आवृत्ती सांगता येत नाही, फाइल उघडपणे देता येत नाही, परीक्षकाने विचारलं तर खाली बघायचं. वापरकर्त्याला होणारा हा तोटा डॉलरमध्ये मोजता येत नाही, पण संशोधकासाठी तो पहिल्या नंबरचा आहे.

सिनॉप्सिसचं शेवटी काय केलं

आम्ही त्यात चार बदल केले. तुमच्या कामात जसेच्या तसे वापरता येतील.

पहिला: ५६ टक्के ठेवले, पण ‘बीएसएच्या अंदाजानुसार, २०१७ साठी’ असं लिहून, मोजणीची रीत एका वाक्यात सांगून. ‘नुकसान’ काढून ‘व्यावसायिक मूल्य’ घातलं.

दुसरा: ‘लघुउद्योग’ तोडले. डीटीपी, आर्किटेक्ट, हिशेबनीस, लॅपटॉप दुरुस्ती, चौघांचं पायरसीशी नातं वेगळं आहे. कायद्यानेही सगळे सारखे नाहीत. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेलं कलम ६३ब सांगतं की जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. पण वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात नसेल, तर न्यायालय कारण नोंदवून कैद माफ करू शकतं आणि दंड ५० हजारांपर्यंत लावू शकतं. विद्यार्थी आणि आर्किटेक्ट यांच्यात अहवाल जो फरक करत नाही, तो कायदा करतो.

तिसरा बदल सगळ्यात महत्त्वाचा. प्रश्नावलीच्या वर दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर होता, आणि सातवा प्रश्न होता, ‘आपण पायरेटेड सॉफ्टवेअर वापरता का?’ कलम ६३ब वाचल्यावर हा कागद काय आहे ते बघा. तो कबुलीजबाब आहे, नाव-पत्त्यासकट. काकांनी आमच्यावर विश्वास टाकून तासभर गप्पा मारल्या. तो कागद उद्या कोणाच्या हाती पडेल हे आमच्या ताब्यात नाही. नाव आणि नंबर दोन्ही काढले.

चौथा: प्रश्न विचारायची रीत बदलली. स्टॅन्ले वॉर्नर यांनी १९६५ मध्ये अवघड प्रश्नांसाठी एक युक्ती सुचवली. तिचं सोपं रूप असं: उत्तर देणाऱ्याने गुपचूप नाणं उडवायचं. छापा पडला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा पडला तर खरं सांगायचं. समोरच्या माणसाचं ‘हो’ नाण्याचं की मनाचं, हे आपल्याला कधीच कळत नाही. पण १२० दुकानांत ९६ ‘हो’ आले, तर साधारण ६० नाण्याचे, उरलेले ३६ खऱ्या ६० पैकी, म्हणजे अंदाज ६० टक्के. याची किंमत मोजावी लागते. सरळ विचारलं असतं तर चूक अधिक-उणे ९ गुणांच्या आसपास असती, इथे ती १४ च्या आसपास जाते. पण सरळ विचारल्यावर निम्मे लोक खोटं बोलणार असतील, तर त्या ९ गुणांच्या अचूकतेला अर्थ काय?

आणि सिनॉप्सिसमध्ये नसलेला पाचवा: विश्लेषण कशावर करणार ते आत्ताच ठरव, म्हटलं. आर, जॅमोव्ही, पीएसपीपी, संदर्भांसाठी झोटेरो, नकाशांसाठी क्यूजीआयएस, सगळी फुकट आणि रीतसर. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठीतूनही शिकायला मिळतं. क्रॅकची सवय लागली की ही सॉफ्टवेअर कोणी उघडूनही बघत नाही. चोरीचा फटका सगळ्यांत आधी बसतो तो मोठ्या कंपनीला की फुकट मिळणाऱ्या चांगल्या पर्यायाला, हाही एक प्रबंधाचा विषय आहे. कोणाला हवा असेल तर घ्या.

परवा त्याचा मेसेज आला. आरएसी समोर पहिलाच प्रश्न आला: “हे ५६ टक्के कुठून आले?” म्हणाला, “ताई, पाच मिनिटं बोललो. मग त्यांनी पुढचं पान उलटलं.”